आधी धडा दाखवा, मग पैसे

लेकीला घरीच शिकवायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न सगळीकडून आला, "पुस्तकं कुठून आणणार?" पुस्तकांचं काही अडलं नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही. 'किशोर'चे जुने अंक ऑनलाइन आहेत. छोट्या गोष्टींसाठी स्टोरीवीव्हरवर मराठी पुस्तकं पातळीनुसार लावलेली सापडतात. शिवाय ठाण्यात राहून 1893 सालच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हायचं नाही तर कुठे व्हायचं?

अडलं ते गणिताच्या एका टॅब्लेटवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण डोकं अजून तापतं.

त्यांचा माणूस घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी डेमोला आला. चहा घेतला, टॅब्लेट उघडला आणि लेकीला विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" ती म्हणाली, "कशाचा?" त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. "मॅडम, कन्सेप्ट वीक आहेत." अहो, अर्ध्या भाकरीपेक्षा पाव कलिंगड मोठं असतं, पोरीने बरोबर तेच विचारलं होतं! पण घरात ह्यांना व्हिडिओ आवडले आणि "15 दिवसांत पसंत पडलं नाही तर पूर्ण पैसे परत" असं त्या माणसाने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं. ते मी मागून घेतलं होतं, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

'सोप्या हप्त्यां'वर घेतलेला टॅब्लेट आला. प्रत्येक विषयाचा पहिला धडा उघडा, बाकी सगळ्याला कुलूप. आम्हाला हवे होते अपूर्णांक, आणि ते सातव्या धड्यात. फोन केला तर म्हणे, "ट्रायल संपल्यावर सगळं ॲक्टिव्हेट होतं मॅडम." म्हणजे परत द्यायची मुदत संपल्यावर माल दाखवणार! जांभळी नाक्यावर शेंगदाणे घेतानासुद्धा दोन दाणे चाखायला मिळतात.

मुदतीतच मेल केला, नको म्हणून. उत्तर आलं, टॅब्लेटचं पिकअप झाल्याशिवाय रिफंड नाही. पिकअपला कोणी फिरकेना आणि मेसेज मात्र येत राहिले, "ग्राहक घरी उपलब्ध नाही." आमची शाळाच घरात, आम्ही दिवसभर जाणार कुठे? प्रत्येक फोनवर नवा आवाज, नवा तक्रार क्रमांक, आणि तेच पालुपद, "तुमची केस सीनियरकडे पाठवतो." तेवढ्यात बँकेतून पहिला हप्ता गेला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 'सोपे हप्ते' म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज. ते टॅब्लेटवाले देत नाहीत, एक वेगळी फायनान्स कंपनी देते. टॅब्लेटवाले म्हणाले, फायनान्सशी बोला. फायनान्सवाले म्हणाले, विक्रेत्याकडून रद्द झाल्याचं आलं पाहिजे. हप्ता नुसता थांबवला असता तर थकबाकी माझ्याच नावावर लागली असती. म्हणून सही करण्याआधी कर्जाचं की फॅक्ट स्टेटमेंट मागाच. व्याज, शुल्क आणि बाहेर पडायची मुदत त्यात लिहिलेली असते.

शेवटी फोन करणं सोडलं आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला. त्याचा पत्ता कंपनीच्या साइटवर असतो. कर्ज खाते क्रमांक, व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट, मुदतीत पाठवलेला मेल, सगळं जोडलं. शेवटी लिहिलं की 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 वर, टॅब्लेटवाल्यांची तक्रारही नोंदवली. मग मात्र आम्ही अचानक 'घरी उपलब्ध' झालो! पिकअपवाला आला, हप्ताही परत आला. त्या दिवशी मी बाहेरून पुरणपोळ्या मागवल्या.

तेव्हापासून कुठलंही साहित्य घेताना मी पहिला धडा बघतच नाही, तो सगळ्यांचाच चांगला असतो. मूल जिथे अडलंय तोच धडा उघडायला लावते. प्रश्न नुसते टिकमार्कचे असले तर नको. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी कशी करायची ते पूर्ण बघता येतं, पैसे लागत नाहीत. अपूर्णांक आम्ही शेवटी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दुमडून केले. दोन आणि चार भाग लगेच झाले, तीन समान भागांना तिने अख्खी दुपार घेतली, पण आता एक तृतीयांश तिच्या बोटांत बसलाय.

हो, एनसीईआरटीची तिसरी आणि सहावीची पुस्तकं 2024 मध्ये बदलली, चौथी-पाचवीची 2025 मध्ये. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ जुन्या असतात, साल बघून घ्या.

पुढच्या परीक्षांची काळजी असेल तर एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, मुक्त बेसिक शिक्षणात ए, बी, सी अशा पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. दहावीला बसायला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. त्यासाठी आत्तापासून कोणाचा टॅब्लेट लागत नाही.

आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, फुकट मिळतो, तो काढून बघा. माझ्या रिपोर्टवर ते खातं अजून चालूच दिसतंय. त्याचा मेल आज सकाळीच केलाय.