डिस्क समोर आहे, पण कर्नलला दिसेना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक आहे. जकार्ड मागांच्या नक्ष्या आणि हिशोब, दोन्ही त्याच्यावर. त्यातली साटा एसएसडी जुनी झाली, म्हणून तिची हुबेहूब प्रत मी एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीच्या डिस्कवर काढली, जुनी काढून ठेवली आणि यूईएफआय फर्मवेअरमध्ये (संगणक चालू होताच आधी जागी होणारी यंत्रणा) नव्या डिस्कची नोंद केली. सिस्टिम सुरू करून देणाऱ्या ग्रबचा मेन्यू आला, कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तोही सुरू झाला. मग संदेश आला, अमुक यूयूआयडी (डिस्कच्या विभाजनाची ओळखखूण) सापडत नाही, आणि खाली बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचाचा प्रॉम्प्ट.

"नक्ष्या गेल्या काय हो?" मालकांनी विचारलं.

"नाही अण्णा, ग्रब त्याच डिस्कवरून आलाय. डिस्क शाबूत आहे."

ग्रब डिस्क वाचतो ती फर्मवेअरच्या आधारानं. त्याच वाटेनं तो कर्नल आणि इनिटरॅमएफएस ही सुरुवातीपुरत्या फायलींची छोटी प्रतिमा मेमरीत आणून ठेवतो. पण एकदा कर्नलनं ताबा घेतला की त्याला स्वतःचाच ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर हे वेगळं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडायचा तुकडा, असतं आणि ते त्याच डिस्कवर असतं. कपाटाची किल्ली कपाटात! हा पेच सोडवायलाच इनिटरॅमएफएस आहे: मूळ फाइल-सिस्टिम हाती येईपर्यंत लागणारी मॉड्यूल्स त्यात आधीच भरून ठेवायची.

प्रॉम्प्टवर लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी पाहिली. साटाचं एएचसीआय होतं, एनव्हीएमई नव्हतं. मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोब कमांडनं मागितलं तर ते मॉड्यूल तिथं नाहीच, असं उत्तर आलं. म्हणजे यूयूआयडी बदलत बसण्यात अर्थ नव्हता.

लाइव्ह यूएसबीवरून सुरू करून इनिटरॅमएफएसची कॉन्फिग फाइल उघडली. त्यात मॉड्यूल्सचं मूल्य 'डेप' होतं. बूट विभाजन लहान, म्हणून पूर्वी कुणीतरी ते निवडलेलं असणार. 'डेप' म्हणजे प्रतिमा बनवताना त्या यंत्राला जे लागतं तेवढंच घ्यायचं. तेव्हा यंत्रात होती साटा. डेबियनचं मूळ मूल्य 'मोस्ट' आहे. त्यात बहुतेक डिस्क कंट्रोलरचे ड्रायव्हर येतात. ज्या यंत्राची डिस्क कधीतरी बदलणार, त्याला माझ्या मते 'मोस्ट'च हवं.

रूट, बूट आणि ईएफआय विभाजनं माउंट केली, कर्नलचे डेव्ह, प्रॉक, सिस जोडले, सीएचरूट केलं, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत प्रवेश केला. 'मोस्ट'ची प्रतिमा मोठी होते, म्हणून आधी नको असलेले कर्नल काढले. बूटमधली जागा मध्येच संपली तर प्रतिमा बनतच नाही. मॉड्यूल्सच्या फाइलीत एनव्हीएमईचं नावही लिहिलं आणि उरलेल्या सगळ्या कर्नलांसाठी अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं.

रीबूटची घाई केली नाही. एलएस-इनिटरॅमएफएसनं प्रतिमेतल्या फायलींची यादी काढली, त्यात एनव्हीएमई आणि एनव्हीएमई-कोर दोन्ही दिसले, तेव्हाच यूएसबी काढली. संगणक सरळ लॉगिनपर्यंत गेला. अण्णा नक्ष्या उघडून बघत होते. त्यांचं झाल्यावर ग्रबच्या अॅडव्हान्स्ड मेन्यूतून मागचा कर्नलही सुरू करून घेतला; तोही विनाअडथळा आला.