नुसत्या डीएमएसओचे तीन वेल

काकांचा फोन आला तेव्हा प्लेट, म्हणजे पेशी वाढवायच्या छोट्या खळग्यांचा (त्यांना वेल म्हणतात) ट्रे, इनक्युबेटरमध्ये होती. पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारं एमटीटी हे रसायन घालून तास झाला होता, अजून तीन तास थांबायचं होतं.

“अगं, सोमवारी काकूची पुढची केमो आहे. तुझ्या अळंबीनं कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे, वहिनी सांगत होत्या. मग ही केमो टाळली तर चालेल का? फार हाल होतात गं तिचे.”

माझ्या पोटात गोळा आला. आईला ते मीच सांगितलं होतं, आदल्या गुरुवारी, आनंदाच्या भरात.

त्या दिवशी आमच्या महाप्याच्या लॅबमध्ये रेशी अळंबीच्या अर्काची पहिली प्लेट वाचली होती. पेशी एमसीएफ-७, म्हणजे १९७० साली एका ६९ वर्षांच्या अमेरिकन बाईच्या छातीतल्या पाण्यातून मिळालेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या. एमटीटी पिवळं असतं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, सुईच्या टोकाएवढे, मायक्रोस्कोपखाली काटेरी झुडपांसारखे दिसतात. सगळ्यात मोठ्या डोसच्या वेलमध्ये ते जवळपास नव्हतेच. मला वाटलं, जिंकलो!

मॅडमनी आकड्यांआधी माझी वही मागितली. “अर्काबरोबर डीएमएसओही वाढत गेलाय. वरच्या डोसला पाच टक्के. आणि कंट्रोलला, तुलनेच्या वेलना, नुसता मीडिया, पेशींचं अन्नद्रव?” अर्क पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून डीएमएसओ हे द्रावक घेतात, आणि इतका डीएमएसओ एकटाच पेशी मारायला पुरेसा असतो. एवढी साधी गोष्ट मी चुकले होते. रविवारी पेशी पुन्हा पेरल्या. या वेळी सगळीकडे डीएमएसओ ०.२ टक्के, शेजारी तुलनेला फायब्रोब्लास्ट नावाच्या निरोगी पेशी, आणि तीन वेल नुसत्या पाच टक्के डीएमएसओचे. आईला मात्र परत फोन केला नाही. तीच माझी खरी चूक.

“काका, केमो अजिबात टाळू नका,” मी म्हणाले. “आम्ही अर्क पेशींवर थेट ओततो. त्यांना पोट नाही, लिव्हर नाही. जपानमध्ये १९७७ साली एका अळंबीपासून केलेल्या पीएसके औषधाला मान्यता मिळाली, तेही उपचारांच्या जोडीला द्यायचे, केमोच्या जागी नाही.” मग एकदम सुचलं. “काकू काही घेतेय का?”

पलीकडे शांतता. “पावडर मागवली होती. पंधरा दिवस झाले.”

रेशीनं रक्त गोठायला वेळ लागू शकतो आणि केमोत प्लेटलेट्स आधीच उतरलेल्या असतात. “आजपासून बंद. आणि डॉक्टरांना आत्ताच फोन करून सांगा,” एवढंच बोलू शकले.

चार वाजता प्लेट काढली. डीएमएसओचे तिन्ही वेल फिके. अर्काचे मात्र बहुतेक सगळे गडद जांभळे. वरच्या डोसला थोडी घट होती, पण तेवढीच फायब्रोब्लास्टमध्येही. म्हणजे आमचा अर्क कॅन्सरची पेशी ओळखत नव्हता.

संध्याकाळी घणसोलीहून ठाण्याची गाडी धरली. नौपाड्यात काकू रुमाल बांधून दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ती ऐकत राहिली, मग आत जाऊन डबा घेऊन आली.

“म्हणजे हा टाकून देऊ?”

“टाकू नकोस काकू. सोमवारी पिशवीत घे. डॉक्टरांना लेबल दाखवायचंय, मीही येतेय.”