सरळमार्गी हात

एल.पी.वर ख्याल ऐकणाऱ्यांना एक गोष्ट सवयीने माहीत झालेली असते. बडा ख्याल सुरू होतो तबकडीच्या बाहेरच्या कडेला, तिथे सुईला ऐसपैस जागा. मग वीसेक मिनिटांत गवई रंगात येतो, लय चढते, द्रुतात ताना सुटायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच सुई लेबलाजवळ पोचलेली असते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलाशी जेमतेम २१. निम्म्याहून कमी जागेत तेवढाच आवाज कोंबायचा, आणि तोही मैफलीतला सगळ्यात दाटीवाटीचा. तानेची टोकं तिथे चरचरतात, ‘स’ फिसकारतो. आपल्या संगीताची रचना आणि तबकडीची रचना यांचं कधी जमलंच नाही, असं मला वाटतं.

या चरचरीचं एक कारण हा वेग. त्याला घरी बसून काही इलाज नाही. दुसरं कारण कोन, आणि तिथे मात्र इलाज करायला भरपूर वाव आहे. वाव आहे म्हणजे किती, हे त्या वाटेला गेल्याशिवाय कळत नाही.

तबकडी कापली जाते तेव्हा कापणारं डोकं कडेपासून केंद्राकडे सरळ रेषेत सरकतं. आपल्या घरचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, मात्र एका टोकाला खुंटीवर बसवलेला असतो आणि फाटकासारखा फिरतो. त्यामुळे सुई सरळ रेषेऐवजी कमान काढत आत जाते आणि खाचेशी तिचा कोन सतत बदलत राहतो. १९३८ मध्ये लॉफग्रेन आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी याचं गणित मांडलं: हाताचं डोकं थोडं वाकडं बसवा, सुई मधल्या खिळ्याच्या थोडी पुढे जाऊ द्या, म्हणजे अख्ख्या प्रवासात दोन ठिकाणी कोन अगदी बरोबर येईल आणि बाकी सगळीकडे चूक दोन अंशांच्या आसपास किंवा त्याच्या आत राहील. तडजोड मोठी हुशारीची आहे. पण डोकं वाकडं केलं की हात आपोआप केंद्राकडे ओढला जातो, म्हणून त्याला उलटं खेचणारी स्प्रिंग किंवा वजन लावा, ते किती लावायचं यावर वाद घाला. एक वाकडेपणा झाकायला दुसरा.

मग कापणाऱ्या डोक्यासारखा सरळ रेषेतच सरकणारा हात का नको? या सरळ हाताची कल्पना काही नवी नाही. एडिसनच्या फोनोग्राफच्या नळकांड्यावर सुई स्क्रूच्या आधाराने सरळच सरकायची. बर्लिनरच्या चपट्या तबकडीने ते काम खाचेवरच सोपवलं. खाच हाताला ओढत नेते म्हटल्यावर स्क्रूची गरज संपली आणि यंत्र स्वस्त झालं. मग १९७२ मध्ये डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनचा बिओग्राम ४००० हा सरळ हाताचा रेकॉर्डप्लेअर आला आणि १९७९ मध्ये जपानचा टेक्निक्स एसएल-१०, एल.पी.च्या कव्हराएवढा. याचा सरळ हात चक्क झाकणात बसवलेला, आणि यंत्र उभं केलं तरी वाजायचं. या दोन्हींत हाताला मोटर असते. हात किंचित तिरका झाला की ते ओळखून मोटर त्याला पुढे ढकलते. म्हणजे आधी थोडं चुकायचं आणि मग सावरायचं. सरळ हातही अगदी सरळ नसतो, हे कंपन्यांच्या जाहिरातींत कुठे येत नाही.

माझ्याकडे आहे तो बिनमोटरचा, जुना, कुणाच्या तरी माळ्यावरून आलेला. एक गुळगुळीत दांडी, तिच्यावर बारीक बेअरिंगांची गाडी, गाडीला बोटाच्या लांबीचा हात आणि हाताच्या टोकाला कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी. बस. गाडीला ओढणारं दुसरं काही नाही, खाचेनेच तिला ओढत न्यायचं. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे वीस मिनिटांच्या बाजूला ६६७ फेरे, आणि तेवढ्यात सुई आठ-साडेआठ सेंटिमीटर आत जाणार. एका फेऱ्याला मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. एवढ्याशा चालीने, सुईच्या केसाएवढ्या दांडीच्या जोरावर, अख्खी गाडी हलवायची आहे. घर्षण जरा जास्त झालं की गाडी मागे राहते, सुईची दांडी एका अंगाला वाकते, आणि जो कोन वाचवायला हा सगळा खटाटोप केला तोच पुन्हा बिघडतो.

गाडीची दांडी पेलणारा खांब मी भोसरीत एका लेथवाल्याकडून करून घेतला. त्याला तबकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मी कागदावर आकृती काढून सांगायला लागलो तसा तो म्हणाला, “साहेब, कापताना टूल लीड स्क्रूवर सरळ जातंय, आणि ऐकताना तुम्ही कमान मारताय होय? मग जॉब बिघडणारच की.” लॉफग्रेनची पानं समजून घ्यायला मला बराच वेळ लागला होता. मिस्त्रींनी चहा संपायच्या आत ते निकालात काढलं. शिवाय खांबाला खालून तीन बारीक स्क्रू दिले, “लेव्हल घ्यायला लागंल” म्हणून. पुढची सगळी कहाणी त्या तीन स्क्रूंचीच आहे.

कारण पहिलं काम पातळीचं. आधी टर्नटेबल पाणसळीने पाहायचं, मग दांडी. पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला म्हणून काम झालं असं नाही, गाडीला बुडबुड्यापेक्षा बारीक कळतं. सुई वर उचलून ठेवायची, गाडीला फुंकर मारायची आणि ती दोन्हीकडे सारखीच जाते का ते बघायचं. एकीकडे अंमळ जास्त गेली की स्क्रूला नखभर पिळा द्यायचा. काही जाणकार केंद्राकडे मुद्दाम केसभर उतार ठेवतात, गाडीला तेवढीच मदत म्हणून. मला ते पटत नाही. उताराची मदत घ्यायची, तर मग स्प्रिंगवाल्यांना नावं कशाला ठेवायची? शिवाय आमच्या टर्नटेबलचा लाकडी पाट पावसाळ्यात फुगतो आणि पातळी आपली आपण बदलते. आषाढात बसवलेली पातळी दिवाळीला पुन्हा बघावी लागते.

पातळीनंतर रेघ. कागदावर केंद्रातून कडेपर्यंत एक बारीक रेघ मारायची, कागद स्पिंडलवर, म्हणजे मधल्या खिळ्यावर, अडकवायचा आणि सुई बाहेरच्या टोकाला रेघेवर टेकवायची. मग गाडी आत सरकवायची. आतल्या टोकालाही सुई त्याच रेघेवर उतरली पाहिजे. नाही उतरली, तर दांडी पुढे-मागे किंवा तिरकी आहे. भिंग आणि टेबललॅम्प घेऊन, श्वास रोखून करायचं हे काम आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते गाणं ऐकण्याइतकंच आवडतं. सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास ठेवतो, सोनारांकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजून. ते पाच मिनिटांचं काम.

खरा छळ मात्र तारांचा. कार्ट्रिजमधून चार तारा निघतात: लाल, पांढरी, हिरवी, निळी. साध्या हातात त्या नळीतून मागे जातात आणि खुंटीपाशी बाहेर पडतात, कुणाच्या अध्यातमध्यात येत नाहीत. इथे मात्र त्यांना गाडीबरोबर प्रवास करावा लागतो. तार कितीही बारीक घ्या, तिला स्प्रिंगचा गुण असतोच. वाकवली की ती सरळ व्हायला बघते, आणि सरळ होताना गाडीला ढकलते. सुरुवातीला माझी गाडी अर्ध्या तबकडीपर्यंत मजेत जायची आणि तिथून पुढे कुरकुरत. पातळी बरोबर, रेघ बरोबर, दांडी स्पिरिटने पुसलेली. मग एकेक तार सुटी करून पाहिली तेव्हा हिरवी सापडली, इतरांपेक्षा किंचित आखूड आणि ताठ. आता चारही तारा लाखेचा नुसता मुलामा असलेल्या, केसासारख्या तांब्याच्या आहेत आणि वर मोठी सैल कमान करून मागे सोडल्या आहेत. पंखा लावला की ती कमान हलते, म्हणून मे महिन्यातही ऐकताना पंखा बंद. घरच्यांचं यावरचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

एवढं करून मिळतं काय? आतल्या खाचांतली चरचर पूर्ण जात नाही. २१ सेंटिमीटरचे ५१ कुणी करू शकत नाही. पण कोनाचा वाटा निघून जातो, आणि द्रुतातल्या तानेचे दाणे सुटे होतात. तंबोरा मागे कुठे बसलाय ते शेवटपर्यंत कळत राहतं. फरक मोठा आहे का? चांगल्या लावलेल्या साध्या हाताशी तुलना केली तर नाही. माझ्या एका मित्राला तो ऐकूच येत नाही, आणि त्याचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत. त्याचं म्हणणं, साध्या हातात चूक असते ती बनवणाऱ्याने हिशेब करून ठेवलेली, आणि तुझ्या हातात रोजची नवी, तूच केलेली. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आखूड हाताचा आणखी एक तोटा. तबकडी एक मिलिमीटर वर उचललेली असेल, तर २३ सेंटिमीटरचा हात पाव अंश कलतो आणि माझा पाच सेंटिमीटरचा एक अंशाहून जास्त. उन्हात तापून वाकलेल्या तबकड्या म्हणून बादच. पण सगळ्यात जास्त पिडतात त्या मधलं भोक केंद्रात नसलेल्या. साधा हात असली तबकडी निमूट सहन करतो. इथे गाडी दर फेऱ्याला पुढे-मागे झोके घेते आणि सुईची दांडी तिच्यामागे फरफटते. नाकामिची कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीएक्स-१००० नावाचं टर्नटेबल काढलं होतं, ते तबकडीचं खरं केंद्र मोजून तिला स्वतःच सरकवून घ्यायचं. त्याची किंमत माझ्यासारख्याने विचारायची नसते. मी गोल कानशीने भोक किंचित मोठं करतो, तबकडी फिरवतो आणि गाडीचा झोका बघत कडेला बोटाने टिचकी मारत जातो, झोका थांबेपर्यंत. हे फक्त रद्दीच्या भावात मिळालेल्या तबकड्यांना. वडिलांच्या तबकड्यांतल्या काहींची भोकंही बाजूला आहेत, पण त्यांना कानस लावलेली नाही. त्या साध्या हातावर वाजतात, त्यासाठी जुनं टर्नटेबल शेजारीच ठेवलंय.