उसवलं तरी चालतं

तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्याच शनिवारी मी एक चूक केली ती अजून टोचते. पुण्याजवळच्या एका आधारगृहात, म्हणजे घरातल्या मारहाणीतून, छळातून बाहेर पडलेल्या बायका जिथे काही महिने राहतात तिथे, मी गोधडी शिकवायला गेले होते आणि मोठ्या उत्साहात म्हणाले, पुढच्या वेळी प्रत्येकीने घरची एक जुनी सुती साडी काढून ठेवा हं. कोणी काही बोललं नाही. मग एक जण हळूच म्हणाली, ताई, मी अंगावरच्या साडीवर आलेय.

मला कुठे तोंड लपवू झालं. गोधडी म्हणजे काय तर आईची साडी, आजीचं लुगडं, घरातलं जुनं सगळं एकत्र शिवायचं, हे मी लहानपणापासून बघितलेलं, पण जिला रात्री दोन वाजता मुलाला कडेवर घेऊन मागच्या दाराने निघावं लागलं तिच्याकडे कुठून येणार जुनी साडी? आणि आली असती तरी त्या घरातलं कापड तिला हातात धरवलं असतं का, हाही विचार मी केला नव्हता.

तेव्हापासून कापड मी नेते. सोसायटीतल्या, नात्यातल्या बायकांकडून सुती साड्या गोळा करते, धुऊन, इस्त्री करून, फाडून ठेवते आणि सतरंजीवर ढीग घालते. मग म्हणायचं, घ्या जे आवडेल ते. बस. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकजण विचारते, हा घेऊ का? हिरवा चालेल का? हा कापला तर चालेल ना? एकेकीला तर सुईत दोरा ओवायलाही परवानगी लागते. पाच-सहा शनिवार गेले की कधीतरी ती ढिगात हात घालते आणि न विचारता एक तुकडा ओढून घेते. मला तो क्षण बरोब्बर कळतो आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघते.

तिथले नियम समुपदेशक ताईंनी मला पहिल्या दिवशी सांगितले होते. पत्ता कुणाला सांगायचा नाही, फोटो काढायचा नाही, का आलात हे विचारायचं नाही. पाठीमागून जाऊन उभं राहायचं नाही. टाका चुकला म्हणून पटकन हात धरून दाखवायचा नाही, आधी विचारायचं, दाखवू का? कात्र्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी कोणी थेरपिस्ट नाही हे लक्षात ठेवायचं. आर्ट थेरपी हे शिकून करायचं काम आहे, मी फक्त सुई-दोरा घेऊन शेजारी बसते. कोणी बोललं तर ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, आणि गंभीर वाटलं तर तिला सांगून ताईंकडे जायचं.

पण बोलतात. हात धावदोऱ्यात गुंतलेले असले, नजर कापडावर असली की समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही ना, त्यामुळे असेल, पण जे ऑफिसात टेबलापलीकडे बसून निघत नाही ते सतरंजीवर निघतं. एकदा एक जण शिवता शिवता म्हणाली, मला नवऱ्याने कधी हात नाही लावला, मग मी इथे राहते ते बरोबर आहे का? तिला वर्षानुवर्षं एक रुपया हातात मिळाला नव्हता, माहेरी फोन करू दिला नव्हता. ताईंनी तिला समजावून सांगितलं की 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, त्यात शिवीगाळ, मानसिक छळ, पैशांची कोंडी हे सगळं हिंसाच धरलंय. ती ऐकत होती आणि तिची सुई थांबली होती.

कधीतरी मी गोष्टी सांगते. चिलीची सांगितली होती. तिथे 1973 मध्ये लष्कराने सत्ता घेतली, माणसं उचलून नेली, ती परत आलीच नाहीत, तेव्हा सँटियागोच्या वस्त्यांमधल्या आया-बायका चर्चच्या आधाराने एकत्र बसायला लागल्या आणि गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं करायला लागल्या. त्याला आर्पियेरा म्हणतात. काहींनी हरवलेल्या माणसाच्या कपड्यांचेच तुकडे वापरले. ही चित्रं लपूनछपून देशाबाहेर गेली आणि तिथे काय चाललंय ते जगाला दिसलं. एका मावशींनी विचारलं, पोलिसांना कळलं नाही? म्हटलं, बायका शिवतायत तर त्यात काय बघायचं, असं सुरुवातीला वाटलं असणार. मावशी बराच वेळ हसत होत्या. त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा फुलापानांऐवजी घर शिवलं, बाहेरून कडी लावलेलं.

आणि आपल्याकडे तर दौंडजवळ केडगावलाच पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं, तिथे निराधार बायका विणकाम, शिवण, छपाई शिकल्या. म्हणजे हे काही आजचं नाही.

आता तिथल्या एका काकूंबद्दल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्या दर शनिवारी सुरेख, एकसारखे टाके घालायच्या आणि पाच वाजायच्या आत सगळं उसवून टाकायच्या. दोन महिने हेच. मला राहवेना, इतकं छान काम, कशाला उसवता, असं म्हणायला जाणार तेवढ्यात ताईंनी डोळ्यांनीच थांबवलं. मग मी काही न बोलता त्यांचा उसवलेला दोरा गुंडाळून ठेवायला लागले. एका शनिवारी त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणाल्या, मला बघायचं होतं कोणी ओरडतंय का.

त्या दिवशी त्यांनी उसवलं नाही. पुढच्या शनिवारी परत उसवलं. त्याच्या पुढच्या शनिवारी अर्धं ठेवलं. असंच चालतं, सरळ रेषेत काही बरं होत नाही, आणि दोन तासांच्या शिवणाने कोर्टातली केस, मुलांची शाळा, भाड्याची खोली यातलं काही सुटत नाही हे मला माहीत आहे. तरी त्या दोन तासांत त्यांना कोणी ओरडत नाही.

काही जण विचारतात आम्ही काय देऊ. सुती साड्या द्या, धुतलेल्या, सिंथेटिक नको कारण कापड सरकत राहतं. फाटकी चालेल, मळकी नको. दोरा आणि सुया मात्र नव्या आणा. दिवाळीत फराळाचे डबे आणि कॅमेरा घेऊन एक दिवस येण्यापेक्षा महिन्यातून दोन शनिवार, पण वर्षभर या, कारण मध्येच येणं बंद करणारी माणसं त्यांनी खूप बघितलीत. आणि तुमच्या ओळखीत कोणाला गरज असेल तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर सांगून ठेवा, तिच्या फोनमध्ये सेव्ह करू नका, फोन दुसरंच कोणी बघत असू शकतं, पाठच करायला सांगा.

सध्या निळं कापड संपलंय. काय झालंय माहीत नाही, पण गेले तीन शनिवार सगळ्यांना निळंच हवंय.