तुम्ही विचारलंत म्हणून : फॅशन नेमकी आणतं कोण?

माझे ब्लाउज शिवण्याचे दुकान सोलापुरात नवी पेठेजवळ आहे आणि दुपारच्या वेळी त्याच जागेत मी मुलींना शिवणकाम शिकवते. मापे द्यायला आलेल्या बायका आणि कापड बेतायला शिकणाऱ्या मुली, दोघींकडूनही मला एक प्रश्न सतत विचारला जातो : "ताई, ही फॅशन नेमकी आणतं कोण? नट्या आणतात, त्यांचे डिझायनर आणतात, की दुकानदार आपल्या गळ्यात मारतात?" या प्रश्नात कुतूहल असते तशी थोडी काळजीही असते, की आपण उगीचच कुणाच्या तरी मागे तर धावत नाही ना. कामाच्या गडबडीत मी याचे उत्तर एका वाक्यात देऊन मोकळी होते, आणि ते उत्तर मला स्वतःलाच पुरेसे वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी सविस्तर लिहिते.

माझ्या मते नावाजलेली व्यक्ती कपडा आणत नाही. कपडा, त्याचा बेत, त्याचा गळा बहुतेक वेळा आधीपासून कुठेतरी असतोच. ती व्यक्ती तो घालण्याचा धीर आणते. सासरी, कचेरीत किंवा चारचौघांत कुणी भुवया उंचावल्या, तर "अमकी नाही का घालत?" एवढे म्हणण्याची सोय होते, आणि ही सोय लहानसहान नाही. मात्र तो धीर किती दिवस पुरेल हे त्या व्यक्तीच्या प्रसिद्धीवर ठरत नाही. तिने तो कपडा स्वतःची एखादी अडचण सोडवण्यासाठी घातला होता का, आणि तीच अडचण तुमची-माझीही आहे का, यावर ते ठरते.

दुकानात रोज दिसणारे उदाहरण बोट नेकचे आहे. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवा जाणारा हा गळा फ्रेंच खलाशांच्या सदऱ्याला फार पूर्वीपासून होता. स्त्रियांच्या उंची पोशाखात त्याला जे स्थान मिळाले, त्यात ऑड्री हेपबर्न या नटीचा वाटा मोठा आहे. 1953 साली 'सॅब्रिना' या चित्रपटाच्या कपड्यांसाठी ती पॅरिसला ह्यूबेर द जिव्हाँशी या तरुण डिझायनरकडे गेली. मिस हेपबर्न येणार म्हटल्यावर तेव्हाची गाजलेली नटी कॅथरीन हेपबर्न येईल अशी त्याची समजूत झाली होती, आणि समोर आली ती ही सडसडीत, त्याला अनोळखी असलेली मुलगी. तिने त्याच्या तयार कपड्यांतून स्वतः निवड केली, आणि त्यात आडव्या गळ्याचा, खांद्यांवर गाठी असलेला एक काळा पोशाख होता. गळ्याखालची वर आलेली हाडे त्या गळ्याने झाकली जात, म्हणून तो तिला आवडला असे सांगतात. पुढे तो गळा त्या चित्रपटाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, आणि जिव्हाँशी तिच्या अंगलटीकडे, चालीकडे, आवडीकडे बघून वर्षानुवर्षे कपडे करत राहिला. अशा स्त्रीला डिझायनरची म्युझ म्हणतात. ती नुसती कपडे टांगायची खुंटी नसते. अमुक ठिकाणी मला कापड हवे आणि तमुक ठिकाणी नको, हे ती सांगते आणि बेतणाऱ्याला ऐकावे लागते.

आता हाच गळा माझ्या टेबलावर येतो तेव्हा काय होते ते पाहा. फोटोतल्या बाईचे खांदे सरळ असतात आणि माझ्यासमोरच्या बाईचे उतरते. गळा फोटोत आहे तितका रुंद कापला, तर हात वर केला की ब्लाउज खांद्यावरून घसरतो. म्हणून मी रुंदी थोडी कमी घेते, पुढची खोली अडीच-तीन इंचांवर थांबवते, हुक मागे नेते आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर, जरा वर ठेवते, म्हणजे बस पकडताना किंवा फळ्यावर लिहिताना बाईला सारखा खांदा सावरावा लागत नाही. हा गळा सोलापुरात टिकला याचे कारण इथल्या किती जणींना ऑड्री हेपबर्न माहीत आहे हे नव्हे. गळा खोल नको, पण म्हातारा दिसेल असा बंदही नको, ही शिक्षिकांची, बँकेत काम करणाऱ्या मुलींची, नव्या सुनांची अडचण त्या गळ्याने सोडवली, आणि मूळ नटीचे नाव मागे पडले तरी गळा राहिला.

आपल्या देशात याहून मोठे उदाहरण आहे, आणि ते आपण अंगावर नेसतो. ज्ञानदानंदिनी देवी टागोर या रवींद्रनाथांच्या वहिनी. त्यांचे पती सत्येंद्रनाथ हे आयसीएसमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या वरिष्ठ सरकारी सेवेत, निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात होती आणि त्या निमित्ताने त्यांचा मुक्काम पुढे सोलापुरातही पडला. 1864 मध्ये ज्ञानदानंदिनी नवऱ्याबरोबर मुंबईला निघाल्या तेव्हा बंगालातल्या खानदानी बायका घरात एकच पातळ साडी अंगाभोवती गुंडाळत, आणि ती नेसून घराबाहेर पडणे, चार माणसांत बसणे शक्य नव्हते. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची नेसण पाहिली, तिच्याखाली परकर आणि वर पोलके घेतले, आणि पदर मात्र डाव्या खांद्यावर टाकला, जेणेकरून उजवा हात मोकळा राहावा. बंगालला परतल्यावर ही नेसण शिकवण्याची तयारी त्यांनी मासिकातून जाहीर केली. आज आपण ज्या पद्धतीने सहावारी नेसतो, तिच्या घडणीत या एका बाईची घराबाहेर पडण्याची गरज आहे. मला हा प्रसंग विलक्षण वाटतो, कारण त्यात आराखडा काढणारी, घालणारी आणि शिकवणारी एकच आहे.

आमच्याकडे नऊवारीवरून गोल पातळावर, म्हणजे काष्टा न घालता नेसायच्या सहावारीवर, येण्याचा प्रवास असाच झाला. माझी आजी सांगायची की त्यांच्या गल्लीत गोल पातळ पहिल्यांदा नेसली ती मुलींच्या शाळेतली एक मास्तरीण. सुरुवातीला बायका तिच्याकडे टवकारून बघत. पुढे मुलींना शाळेत घालणाऱ्या आयांनी एकेक करून तेच सुरू केले. ती मास्तरीण कुठल्या मासिकात झळकली नाही, पण त्या गल्लीपुरता तिचा अधिकार कोणत्याही नटीपेक्षा मोठा होता. माझ्या अनुभवात आजही हेच खरे आहे. पडद्यावरचा कपडा आवडतो, पण शिवायला टाकला जातो तो बहुधा धाकट्या जावेने किंवा शेजारच्या मॅडमनी तो घातल्यानंतर.

राजघराण्यातल्या स्त्रियांचे नाव निघाले की मला बडोद्याच्या इंदिराराजे आठवतात. सयाजीराव गायकवाडांची ही मुलगी 1913 मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न करून गेली आणि 1922 मध्ये विधवा झाली. रूढीप्रमाणे पांढरे नेसणे आले. त्यांनी पांढरे नेसणे सोडले नाही, पण ते फ्रान्समधल्या तलम शिफॉनचे नेसले, आणि बघता बघता संस्थानिकांच्या घरांत शिफॉनची साडी प्रतिष्ठेची झाली. त्यांच्या कन्या, जयपूरच्या महाराणी गायत्री देवी, यांनी शिफॉन आणि मोत्यांची माळ ही जोडी जगभर नेली. वैधव्याने लादलेला रंग एका बाईने आपल्या पसंतीच्या कापडात बदलून घेतला, यातली हिंमत फोटोंत दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगावी असे मला वाटते.

हिंदी चित्रपटांत साधनाची बटांची केशरचना सगळ्यांना माहीत आहे. 'लव्ह इन सिमला' (1960) करताना तिचे कपाळ रुंद दिसते म्हणून दिग्दर्शकाने ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर पुढचे केस कापवले, आणि रुंद कपाळाच्या हजारो मुलींनी 'साधना कट' करून घेतला. तिचा चुडीदार-कुर्ता 'वक्त' (1965) मधला, तो आपल्या कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथय्या यांनी बेतलेला. याच भानूताईंनी 'ब्रह्मचारी' (1968) मध्ये मुमताजला नाचता यावे म्हणून आधीच निऱ्या घालून शिवलेली, चेन लावलेली केशरी साडी दिली. आज लग्नात करवल्या 'रेडी टू वेअर' साडी मागतात तेव्हा त्यांची गरज तीच असते : पाच मिनिटांत नेसून होणारी आणि न सुटणारी साडी. 1983 मध्ये 'गांधी' चित्रपटासाठी भानूताईंना ऑस्कर मिळाले, भारतीय म्हणून पहिलेच. माझ्या वर्गात नटीचा फोटो आला की तो पोशाख कुणी केला हे आधी शोधून काढायचे, असा मी नियम केला आहे, कारण नटीचे नाव लक्षात राहते आणि बेतणारीचे राहत नाही, हे मला मनापासून खटकते.

गरज नसलेल्या फॅशनचे काय होते, तेही सांगायला हवे. 2013 नंतर 'होणार सून मी ह्या घरची' मालिकेतल्या जान्हवीच्या मंगळसूत्राने सराफांची दुकाने भरली होती. मालिका संपली आणि काही काळाने ती मागणी ओसरली. त्यात वाईट काही नव्हते, आवडले म्हणून घेतले. पण ते मंगळसूत्र जान्हवीच्या गोष्टीशी बांधलेले होते, घालणारीच्या दिवसाशी नव्हे. याउलट 2004 पासून 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमाने पैठणीची जी ओढ घराघरांत निर्माण केली ती टिकली, आणि त्यात पैठणी नेसणारी कुणी नटी नव्हती. आपल्यासारखीच एक गृहिणी खेळ जिंकत होती आणि तिच्या खांद्यावर पैठणी येत होती. ते पाहून कितीतरी बायकांना ही वस्तू आपल्यालाही शोभेल, असे पहिल्यांदाच वाटले.

विणकरांच्या या शहरात राहून मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रसिद्ध व्यक्तीच्या निवडीने कुणाचे तरी पोट भरते किंवा रिकामे राहते. राणी व्हिक्टोरियाने 10 फेब्रुवारी 1840 रोजी लग्नात पांढरा पोशाख घातला, त्याचे पाश्चात्त्य नववधूंवर झालेले परिणाम आपण जाणतो. पण तिने तो पोशाख लंडनमधल्या स्पिटलफील्ड्स या विणकरांच्या वस्तीतल्या रेशमाचा आणि डेव्हन परगण्यात हाताने विणलेल्या लेसचा करवला, तो अडचणीत आलेल्या आपल्या देशी कारागिरांना काम मिळावे म्हणून. इंदिरा गांधी प्रांतोप्रांतीच्या हातमागाच्या साड्या नेसत, स्मिता पाटील दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचताना हातमागाच्या साडीत दिसत, आणि शिकलेल्या शहरी मुलीने जाडीभरडी सुती साडी नेसणे म्हणजे गरिबी नव्हे, ही समजूत रुजायला त्याची मदत झाली.

आमच्या जिल्ह्यात इरकल साडी हे शेतात राबणाऱ्या बायकांचे रोजचे वस्त्र होते. मी शिवण शिकत होते त्या काळात सोलापूरच्या मुली इरकलीला आजीची साडी म्हणून बाजूला सारत. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या तरुणी इरकल नेसून, त्यावर खणाचे ब्लाउज आणि काळपट चांदीचे दागिने घालून फोटो काढू लागल्या, आणि मग आमच्या मुली इथल्या कापडबाजारात, चाटी गल्लीत जाऊन तीच साडी मागू लागल्या. मला याचा खरोखर आनंद होतो, कारण ब्लाउजसाठी खण घेऊन येणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर आता संकोच नसतो. त्याबरोबर दुःखही होते, की ज्या बायकांनी ही साडी ऊन-पावसात आयुष्यभर नेसली, काष्टा घालून तिच्यात खुरपणी केली, त्यांच्याकडे बघून ती आपल्याला सुंदर वाटली नाही. ती सुंदर आहे हे दुरून कुणीतरी सांगावे लागले.

म्हणून इरकलीवर ब्लाउज शिवायला आलेल्या मुलीला मी साडीचा पदर उलगडायला सांगते. हातमागाच्या इरकलीत अंगाचा ताणा (मागावर ताणलेले उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळा असतो आणि दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. पदर सुरू होतो तिथे बोट फिरवले की तो जोड किंचित जाडसर लागतो. पुढे लाल पदरात पांढरे पट्टे येतात, तो टोपपदर. काठाची गोमी, चिक्की अशी नावे तिला ठाऊक नसतात, ती मी सांगते. यंत्रमागाबद्दल मला आकस नाही, सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल त्यावरच विणले जातात आणि हजारो घरे त्यावर चालतात. पण छापील कापडाला इरकल म्हणून हातमागाचे पैसे मोजले, तर फोटो तसाच येईल आणि विणकराच्या हाती काही पडणार नाही. जोड हाताला लागला नाही तर साडी हातमागाची आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे, आणि दाम त्या मालाचाच द्यावा.