काठी, पाय आणि माझा घोटा

गेले होते लेकीला सोडायला. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला मर्दानी खेळाचा वर्ग, संध्याकाळी सहाचा. दोन महिने कट्ट्यावर बसून मोबाइल बघितला. मग एक दिवस वस्ताद म्हणाले, "ताई, नुसतं बसून काय करताय? घ्या की काठी."

वय बेचाळीस, बँकेतून थेट आलेली, ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिले. आधी जमिनीला हात, मग शस्त्राला. मला वाटलं होतं, आता गरगर फिरवायची. कसलं काय! पहिला आठवडा फक्त पवित्रा. गुडघे मोडून उभं राहायचं, पुढं-मागं सरकायचं, काठी तशीच हातात. दुसऱ्या दिवशी बँकेचा जिना मी कठड्याला धरून उतरले.

फिरवायला मिळाली तेव्हा कळलं, काठी आपल्यालाच आधी शोधते. पुढचं टोक डोळ्यांसमोर असतं, मागचं कुठनं येतंय याचा पत्ता नसतो. पाय वेळेवर सरकला नाही की टक्! घोट्याच्या हाडावर. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा शेजारची दहा वर्षांची पोरगी न थांबता, फिरवता फिरवताच म्हणाली, "काकू, काठीकडं बघू नका. समोर बघा." ही माझी गुरू नंबर दोन. लेक ओळख दाखवत नाही.

२०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, त्यामुळं नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पट्टाच हवा असतो. मलाही हवा होता. वस्तादांनी एकदा नुसता हात घालू दिला. खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या मुठीवरच्या लोखंडी हातमोज्यात, हात कोपरापर्यंत जातो, आतली आडवी मूठ धरायची, की मनगट बंदच. पुढं लांबलचक लवचीक पातं. मनगट वळत नाही म्हटल्यावर फिरवायचं ते खांद्यातनं, कमरेतनं आणि पायातनं. पवित्र्याचा तो कंटाळवाणा आठवडा कशासाठी होता, ते तिथं उमगलं. वस्ताद काही बोलले नाहीत, पट्टा काढून घेतला आणि काठी परत हातात दिली.

वर्गातली काठी घरी न्यायची नाही. म्हणून कपडे वाळत घालायच्या काठीनं मी गॅलरीत सराव करते. परवा खालच्या मजल्यावरच्या आजींनी वर बघून हाक मारली, "उंदीर घावला का गं?"