खारेपाटातले काका आणि किंडरडाइकचं दार

किंडरडाइकला बसमधून उतरलं की गटातलं कुणीतरी विचारतंच, ‘‘इथं पीठ दळतात का?’’ नेदरलँड्समधल्या या 19 पवनचक्क्यांकडे सहलीचे गट घेऊन जाणं माझं कामच आहे. चक्की म्हटलं की पीठ हेच आपल्या डोक्यात येतं. या चक्क्या मात्र पाणी उपसायला बांधल्या.

जूनमधल्या त्या दिवशी प्रश्न वेगळा आला. अलिबागच्या खारेपाटातले, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीच्या भागातले एक काका, सत्तरीपुढचे, आठ दिवसांत ‘‘हो मॅडम’’पलीकडे फारसे बोललेच नव्हते. बांधावर उभं राहून त्यांनी आधी नदी पाहिली, मग मागची हिरवी कुरणं.

‘‘बाय, शेत नदीच्या खाली आहे. यांची उघाडी कुठाय?’’

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचंच पाणी ते दाबून बंद करतं. मला हे काकांनीच तिथं समजावलं.

मग मी त्यांना इथली गोष्ट सांगितली, नेहमीपेक्षा जरा सावकाश. कित्येक शतकं इथली माणसंही उघाडीवरच जगली. नदी उतरली की दारं उघडायची. पण ही जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची. पाणी काढलं की ती सुकते आणि खचते. शेत खाली जात राहिलं, नदीचं पाणी चढत गेलं आणि नुसती दारं पुरेनाशी झाली. म्हणून 1738 मध्ये विटांच्या आठ गोल चक्क्या उभ्या राहिल्या आणि 1740 मध्ये गवताने शाकारलेल्या आठ अष्टकोनी. त्या खालचं पाणी वरच्या साठवण तळ्यात चढवायच्या. नदी उतरली की तिथून ते सोडून द्यायचं.

‘‘म्हणजे उघाडी राहिलीच,’’ काका म्हणाले. ‘‘पाणी तिच्यापर्यंत उचलायची सोय केली.’’

मी इतक्या वेळा सांगूनही एवढ्या थोडक्यात कधी सांगितलं नव्हतं.

संग्रहालय केलेल्या चक्कीत बाकीची मंडळी भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगांचे फोटो काढत होती. काका पाण्याच्या चाकापाशी उकिडवे बसले. वारा चांगला होता. पाती जमिनीला टेकतील इतकी खाली येऊन सूंऽऽ करत वर जात होती आणि चाकाच्या फळ्या अरुंद पाटातून पाणी रेटत होत्या. पुढे एक लाकडी दार त्या रेट्याने उघडं राहिलं होतं. वारा पडला, चाक मंदावलं, आणि वरचं पाणी मागे फिरताच ते दार आपोआप मिटलं.

काका ताडकन उठले. ‘‘हीच! हीच आमची उघाडी!’’

चक्की सांभाळणारे गृहस्थ जवळच उभे होते. मी दुभाषी झाले. काकांनी त्यांना सांगितलं, आमच्या एका शेताच्या बांधाला उधाणात खांड पडली, वेळेवर कुणी बांधली नाही, आता तिथं खारफुटी उभी आहे. गृहस्थांनी विचारलं, बांध दुरुस्त कोण करतं? ‘‘पूर्वी गावच करायचं. घरटी एक माणूस.’’ मग काकांनी तोच प्रश्न उलट विचारला. इथं पाण्याचं वेगळं मंडळ असतं, त्याची निवडणूक होते आणि बांधासाठी लोक त्या मंडळाला वेगळा कर भरतात, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

बस वीस मिनिटं थांबवावी लागली. वेळापत्रक मोडलेलं मला एरवी खपत नाही, पण काकांना तिथून हलवणं माझ्याने झालं नसतं. त्यांना चक्कीसमोर स्वतःचा फोटो नको होता. दाराचा हवा होता, बिजागरीसकट.

बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी घरी फोन लावला.

‘‘उद्या पुनव आहे. उधाण चढेल. आताच बांधावर जा आणि उघाडीची फळी नीट बसते का बघून ये.’’